आंतरजालावरील छायाचित्रसंग्रह आणि जागतिक संस्कृतींचे अध्यापन

प्रस्तावना

समाजशास्त्र, भूगोल, इतिहास अथवा मानवशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात ‘जगातील संस्कृती’ हा घटक या ना त्या रूपाने येतोच. तो शिकवताना प्राध्यापकांसमोर पूर्वी साधनांच्या अभावाची अडचण असे. भिंतीवरचा नकाशा, क्रमिक पुस्तकातील धूसर चित्रे आणि ग्रंथालयात जपून ठेवलेला एखादा सचित्र अंक, एवढ्या सामग्रीवर इनुइटांच्या हिमघरापासून मसाईंच्या गुरांपर्यंतचा प्रवास एका तासिकेत उरकावा लागे. आज अडचण नेमकी उलट आहे. विद्यार्थ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीवर जगातील कोणत्याही गावाची शेकडो छायाचित्रे क्षणात उघडतात. परंतु चित्रे वाढली म्हणून समज वाढली, असे मात्र म्हणता येत नाही.

याचा प्रत्यय घेण्यासाठी वर्गात एक साधा प्रयोग करावा. विद्यार्थ्यांना ‘आफ्रिका’ हा शब्द देऊन मनात येणारी पाच चित्रे लिहावयास सांगावीत. सिंह, जिराफ, वाळवंट, भाला घेतलेला माणूस, उपाशी मूल, अशी यादी बहुधा तयार होते. लागोसमधील वाहतुकीची कोंडी किंवा नैरोबीतील संगणक-दुकान त्या यादीत येत नाही. छायाचित्रांची विपुलता या यादीला छेद देण्याऐवजी तिला दुजोराच देण्याची शक्यता अधिक असते, कारण शोधणारा जे शब्द टाकतो तेच त्याला परत मिळते. म्हणूनच आंतरजालावरील छायाचित्रसंग्रहांचा अध्यापनातील उपयोग हा तंत्रज्ञानाचा प्रश्न फार थोडा आणि वाचनाचा प्रश्न फार मोठा आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

घड्याळ कोठे गेले?

या विषयाची सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक नेहमी एकच छायाचित्र सुचवतो. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस याने १९०७ ते १९३० या काळात ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा वीस खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जीवनपद्धती लयाला जात आहेत, त्या लयाला जाण्यापूर्वी टिपून ठेवाव्यात, हा त्यामागील हेतू होता. त्यातील पीगन जमातीच्या तंबूतील एका छायाचित्रात दोन पुरुष समोरासमोर बसलेले आहेत. भोवती धूम्रनलिका व इतर पारंपरिक वस्तू मांडलेल्या आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या छायाचित्राची मूळ प्रतही उपलब्ध आहे. तिच्यात त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ स्पष्ट दिसते. ग्रंथात छापलेल्या प्रतीत ते घड्याळ पुसून टाकलेले आहे.

दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवून काही न बोलता वर्गापुढे मांडाव्यात. फरक सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. सापडल्यावर मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. घड्याळ काढले कोणी? का काढले? ते त्या माणसांचे होते का? घड्याळ वापरणारा पीगन माणूस ‘खरा’ पीगन नव्हता काय? या अखेरच्या प्रश्नापाशी शिक्षकाने थांबावे. ‘परंपरा’ नावाची शुद्ध, काळाबाहेरची वस्तू असते ही समजूत व्याख्यानाने जात नाही, ती त्या पुसलेल्या घड्याळाने हलते. कर्टिसला खोटारडा ठरवणे हा या पाठाचा उद्देश नव्हे. त्याच्या श्रमाचे मोल मोठेच आहे, आणि त्या समाजांच्या आजच्या वंशजांनाही त्याच्या छायाचित्रांत आपले पूर्वज भेटतात. उद्देश एवढाच की छायाचित्र ‘घेतले’ जाते तसे ते ‘रचले’ही जाते, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आपण जेव्हा चित्रविषय होतो

दुसऱ्या संस्कृतीकडे पाहण्यापूर्वी आपल्याकडे कसे पाहिले गेले, हे दाखवणे अध्यापनाच्या दृष्टीने फार फलदायी ठरते. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईतील रहिवासी व तेथे येणारे लोक यांच्या जाती-जमातींविषयी दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांची छायाचित्रे एका जागी घेतली गेली, आणि पार्श्वभूमीचे दृश्य दुसऱ्या छायाचित्रातून आणून त्यांच्यामागे बसवले गेले. म्हणजे आज संगणकावर केली जाणारी चित्रजुळणी मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच झालेली होती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांच्या संपादनाखाली ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना आपली प्रजा ‘ओळखून’ घ्यावयाची होती. त्यामुळे चित्रासोबतच्या मजकुरात एकेका जमातीच्या स्वभावाविषयी, विश्वासार्हतेविषयी सरसकट शेरे मारलेले आढळतात. या दोन्ही ग्रंथांतील चित्रे आता आंतरजालावर विनामूल्य पाहावयास मिळतात.

आपल्याच प्रदेशातील माणूस ‘नमुना’ म्हणून मांडलेला पाहताना विद्यार्थी अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता शिक्षकाने घाईने मिटवू नये. लगेच पुढच्या तासिकेला त्यांना एखाद्या लोकप्रिय संकेतस्थळावर पंढरीच्या वारीची किंवा गणेश विसर्जनाची परदेशी पर्यटकांनी काढलेली छायाचित्रे शोधावयास सांगावीत. ‘भारतातील हिंदू उत्सव’ एवढ्या एका खूणशब्दाखाली वारी, विसर्जन, होळी व कुंभमेळा एकत्र नांदताना दिसतात. दिंडी म्हणजे काय, वीणेकरी कोण, रिंगण कशाला, यांचा पत्ता नसतो. ‘सर, हे तर काहीच कळलेले नाही त्यांना,’ असे वर्गातून कोणीतरी म्हणतोच. त्यानंतर मेक्सिकोतील मृतात्म्यांच्या सणाचे चित्र समोर ठेवून, ‘आता याच्याखाली तुम्ही काय लिहाल?’ असे विचारले की वर्गात जी शांतता पसरते तिचे शैक्षणिक मूल्य मोठे असते.

कान यांचा संग्रह आणि ‘डॉलर स्ट्रीट’

वर्गातील उपयोगासाठी असंख्य संग्रह सुचवता येतील. परंतु दोन संग्रह एकमेकांसमोर ठेवल्यास संस्कृती म्हणजे काय याविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना स्पष्ट होतात, म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करू.

पहिला संग्रह आल्बेर कान या फ्रेंच सावकारी पेढीमालकाचा. जगातील लोक एकमेकांना ओळखू लागले तर युद्धे टळतील, अशी त्यांची श्रद्धा होती. १८९८ पासून त्यांनी तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. पुस्तकाऐवजी जग पाहून आलेला शिक्षक वेगळे शिकवील, हा त्यामागचा विचार. (आपल्याकडील महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात अशी तरतूद कधी होईल, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.) १९०९ ते १९३१ या काळात त्यांनी छायाचित्रकारांना सुमारे पन्नास देशांत पाठवले आणि ‘पृथ्वीचा दफ्तरखाना’ म्हणावा असा संग्रह उभा केला. भूगोलतज्ज्ञ झां ब्रून हे त्याचे शास्त्रीय मार्गदर्शक होते. सुमारे ७२,००० रंगीत काचपट्टिका त्यात आहेत. स्तेफान पासे हा छायाचित्रकार १९१३-१४ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेला. १९२१ साली रवींद्रनाथ ठाकूर कान यांच्याकडे पाहुणे असता त्यांचीही रंगीत छायाचित्रे घेतली गेली. १९२९ च्या आर्थिक कोसळीत कान यांची संपत्ती गेली आणि काम थांबले. संग्रह मात्र वाचला. पॅरिसलगतच्या बुलोन्य-बियांकूर येथील त्याचे संग्रहालय २०२२ मध्ये नव्या रूपात पुन्हा खुले झाले आणि संग्रहाचा फार मोठा भाग आंतरजालावर उपलब्ध आहे.

ही चित्रे दाखवताना त्यांचे तंत्र सांगणे आवश्यक आहे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या या काचपट्टिकांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. त्यांतून प्रकाश कमी जात असल्याने चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, आणि तेवढा वेळ माणसांना निश्चल उभे राहावे लागे. हलणारे सर्व काही पुसट होई अथवा नाहीसे होई. त्यामुळे या संग्रहातील गावे विलक्षण शांत वाटतात, माणसे गंभीर वाटतात. ‘शंभर वर्षांपूर्वीचे जीवन किती संथ होते!’ असा उद्गार विद्यार्थी काढतात. तो संथपणा जीवनाचा किती आणि काचपट्टिकेचा किती, हा प्रश्न त्यांना विचारावा.

दुसरा संग्रह अगदी अलीकडचा. स्वीडनमधील गॅपमाइंडर या संस्थेच्या आना रोस्लिंग रोनलुंड यांच्या कल्पनेतून २०१६ मध्ये ‘डॉलर स्ट्रीट’ सुरू झाला. जगातील सर्व घरे एकाच लांबलचक रस्त्यावर, मासिक उत्पन्नाच्या क्रमाने मांडली आहेत अशी कल्पना करावयाची: डाव्या टोकाला सर्वांत गरीब, उजव्या टोकाला सर्वांत श्रीमंत. प्रत्येक घरात जाऊन त्याच वस्तूंची छायाचित्रे घेतलेली आहेत. चूल, अंथरूण, दात घासण्याचे साधन, मुलांचे खेळणे, पिण्याचे पाणी, संडास. आरंभी पन्नास देशांतील दोनशेहून अधिक घरे त्यात होती. आपण एक वस्तू निवडावी आणि ती सर्व घरांतून पाहत जावी. कुटुंबे व देश यांची नावे दिलेली आहेत, आणि संग्रह मुक्त परवान्याखाली असल्याने वर्गात सहज वापरता येतो.

येथे विद्यार्थ्याच्या पदरात पहिला धक्का पडतो तो असा: समान उत्पन्नाच्या दोन देशांतील दोन चुली एकमेकींसारख्या दिसतात, आणि एकाच देशातील गरीब व श्रीमंत घरांच्या चुली एकमेकींना ओळखतही नाहीत. ज्याला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणत होतो त्यातील बराच भाग दारिद्र्याचा होता, हे ध्यानात येते. तीन दगडांची चूल ही आफ्रिकेची संस्कृती नव्हे. ती गॅस न परवडणाऱ्या कोणाचीही चूल आहे. हा विचार आपल्या वर्गातील ग्रामीण विद्यार्थ्यांना कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. वस्तूच्या चित्रावरून तिची किंमत कळते, अर्थ कळेलच असे नाही. चुलीपाशी कोण बसते, आधी कोण जेवते, कोणत्या दिवशी ती चूल पेटवावयाची नाही, शेजारणीला तिच्यावरील विस्तव चालतो की नाही, हे ‘डॉलर स्ट्रीट’ सांगत नाही. आपल्या समाजात तर या प्रश्नांच्या उत्तरांवर पिढ्यान्पिढ्यांची सुखदुःखे अवलंबून होती. कान यांचा संग्रह माणसांच्या वेगळेपणाने भारावलेला आहे आणि गॅपमाइंडरचा संग्रह त्यांच्या सारखेपणाने. एकाच सत्रात दोन्ही वापरले तरच विद्यार्थ्याला दोहोंच्या मर्यादा दिसतात. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टाइकन यांनी ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांचे ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन भरवले, तेव्हाही रोलां बार्थ यांनी याच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता. जन्म, श्रम, मृत्यू सर्वत्र सारखेच असे म्हणताना, कोण कोणत्या परिस्थितीत जन्मतो आणि कोणाच्या फायद्यासाठी राबतो, हा इतिहास गाळला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. वाद जुना आहे, आणि पदव्युत्तर वर्गांना तो अवश्य द्यावा.

वाचनाची पद्धती

एका तासिकेला एकच छायाचित्र, फार तर दोन, असा नियम ठेवावा. वीस चित्रांची सरकती मालिका दाखवली की विद्यार्थी प्रेक्षक होतात. प्रथम चित्राखालील मजकूर झाकून ठेवावा. अबिगेल हाउसन व फिलिप येनावाइन यांनी चित्रवाचनासाठी रूढ केलेले तीन प्रश्न येथे उपयोगी पडतात: या चित्रात काय चालले आहे? तुम्ही असे कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘ही बाई दुःखी आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘कशावरून?’ असे सौम्यपणे विचारले की तो पुन्हा चित्राकडे वळतो, आणि पुष्कळदा आपले विधान मागे घेतो. त्यानंतर मजकूर उघडावा व त्यात चित्रात न दिसणारे काय आहे ते शोधावे. शेवटी, हे चित्र कोणी, कोणासाठी काढले, हे जमेल तेवढे शोधून काढण्याचे काम गृहपाठ म्हणून द्यावे.

मजकूर हाही अंतिम नसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे ठेवली आणि वाचकांना माहिती जोडण्याचे आवाहन केले. कोणी इमारत ओळखली, कोणी माणसाचे नाव दुरुस्त केले, कोणी वृत्तपत्रातील बातमी शोधून तारीख निश्चित केली. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ही माहिती पडताळून त्याच वर्षात पाचशेहून अधिक अधिकृत नोंदी सुधारल्या. सामान्य वाचकाचे ज्ञान आणि तज्ज्ञाची पडताळणी यांच्या सहकार्याचा हा नमुना आपल्या महाविद्यालयांनाही अनुकरणीय आहे. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त भांडारात २०१९ पासून चित्रांना अनेक भाषांत लघुमथळे देता येतात. मराठी मथळे तेथे अद्याप थोडेच आहेत. एखाद्या जपानी चहाविधीच्या चित्राला अचूक मराठी मथळा लिहावयाचा तर विद्यार्थ्याला आधी तो विधी समजून घ्यावा लागतो. पंधरा शब्दांचा तो मथळा पाच गुणांच्या टिपेपेक्षा अधिक अभ्यास करवून घेतो, असा अनुभव आहे.

एक व्यावहारिक सूचना. संकेतस्थळे कायमची नसतात. स्थळचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले पॅनोरामिओ २०१६ मध्ये बंद झाले. फ्लिकरने २०१९ पासून विनामूल्य खात्यांना एक हजार चित्रांची मर्यादा घातली. वापरावयाचे चित्र, त्याचा कर्ता, परवाना व पाहिल्याची तारीख यांची नोंद शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावी. संगणकाने निर्माण केलेली कृत्रिम छायाचित्रे आता खऱ्यांत बेमालूम मिसळत असल्याने, ज्या चित्राचा कर्ता व उगम सांगता येत नाही ते वर्गात आणू नये, हे बरे.

परवाना आणि संमती

स्वामित्वहक्काचा प्रश्न अनेक सहकाऱ्यांना भेडसावतो. वस्तुतः १९५७ च्या भारतीय कायद्याच्या ५२ व्या कलमात अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापरास सवलत आहे, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रे कर्त्याच्या नावासह मोकळेपणाने वापरता येतात. खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. परवाना देतो तो छायाचित्रकार. चित्रातील माणसाला कोणी विचारले? २००७ मध्ये एका अमेरिकन मुलीचे फ्लिकरवरील छायाचित्र ऑस्ट्रेलियातील एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत झळकले. छायाचित्रकाराने मुक्त परवाना दिला होता. मुलीला पत्ताच नव्हता. २०१९ मध्ये असे उघड झाले की आयबीएम कंपनीने चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालींच्या संशोधनासाठी फ्लिकरवरील सुमारे दहा लाख मुक्त छायाचित्रे वापरली होती. आठवण म्हणून, जगाशी ओळख म्हणून वाटलेली चित्रे कोठे पोहोचतील, हे वाटणाऱ्याच्या हाती राहत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी चित्रे संकेतस्थळावर चढवावयाची असतील तर चेहरा ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घ्यावी. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात आणि २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्यांना बालकच मानतो, तेव्हा पालकांची संमती गृहीत धरू नये. अंत्यविधी, आजारपण व देवघर यांची चित्रे संमती असली तरी टाळावीत, असे लेखकाचे मत आहे.

विद्यार्थ्यांची स्वतःची छायाचित्रे

कॅरोलिन वँग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांवर त्यांना बोलते केले. पुढे ही पद्धती ‘फोटोव्हॉइस’ या नावाने प्रसिद्ध झाली. चित्रविषयानेच चित्रकार व्हावे, ही तिची मूळ कल्पना वर्गातही आणता येते. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि ती प्रस्तुत लेखक चुकून शिकला.

‘डॉलर स्ट्रीट’चा पाठ झाल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गाला स्वतःच्या घरातील स्वयंपाकाच्या जागेचे छायाचित्र काढून आणण्यास सांगितले होते. चित्रे नावांसह पडद्यावर दाखवावयाची होती. एका विद्यार्थिनीने आणलेल्या चित्रात चकचकीत ओटा व धुराडे होते. तासिकेनंतर ती थांबली आणि म्हणाली, ‘सर, तो ओटा आमचा नाही, ज्यांच्याकडे आई कामाला जाते त्यांचा आहे.’ जगाच्या गरिबीकडे तटस्थपणे पाहण्याचा धडा देताना, वर्गातल्या वर्गात कोणाला उघडे पाडतो आहोत, याचे भान शिक्षकाला राहिले नव्हते. तेव्हापासून हा गृहपाठ बदलला. घर दाखवावयाचे नाही. घरातील कोणतीही एक वस्तू निवडावयाची, चित्रावर नाव लिहावयाचे नाही, आणि चित्रात न दिसणारी एक गोष्ट चार वाक्यांत लिहावयाची.

त्याच विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात पाटा-वरवंट्याचे चित्र आणले, आणि ते आपले आहे हे तिने आपण होऊन सांगितले. पाट्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. ते काम करणारी एक म्हातारी बाई पूर्वी गल्लीतून आरोळी देत येई, आता दोन वर्षांत ती आलेली नाही, आणि आई वाटण बारीक होत नाही म्हणून कुरकुरते, असे तिने खाली लिहिले होते. मेक्सिकोतील मका वाटण्याच्या दगडी पाट्याचे, मेताते याचे, चित्र त्याच दिवशी वर्गापुढे होते. त्यालाही टाकी लावावी लागते का, आणि लावावयास कोण येते, असा प्रश्न तिने विचारला. उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून पुढच्या तासिकेचा विषय तोच ठरला.